आधी पाणी, मग दोरी, शेवटी होडी

फ्लाय फिशिंग शिकायचे मनात आले की माणूस आधी दुकान गाठतो. काठी येते, रीळ येते, रंगीबेरंगी फ्लायची डबी येते आणि हौस दांडगी असेल तर हवा भरायची होडीही येते. मग हे सगळे गाडीत टाकून तो मुळा धरणावर जातो आणि दुपारच्या वाऱ्यात दोरी त्याच्याच टोपीत गुंतते. संध्याकाळपर्यंत होडीला बाभळीचा काटा लागलेला असतो. त्याचा हात वाईट असतो असे नाही. त्याने घेतलेले सामान स्कॉटलंडच्या तळ्यासाठी किंवा अमेरिकेतल्या थंड, खळाळत्या नदीसाठी बनलेले असते, आणि तो उभा असतो राहुरी तालुक्यात, उन्हाने तापलेल्या, पातळी रोज थोडी खाली जाणाऱ्या जलाशयाच्या काठावर.

पुढची सगळी प्रकरणे सामानाबद्दल आहेत. काठी किती नंबरची, दोरी तरंगती की बुडती, होडी पत्र्याची की प्लॅस्टिकची, हे त्यांत तपशिलाने आले आहे. पण या निवडींना एक क्रम आहे आणि तो उलटा झाला की खर्च वाया जातो, असे माझे ठाम मत आहे. आधी पाणी ओळखायचे, मग त्या पाण्यातला मासा, मग तो काय खातो ते, त्यावरून फ्लाय, फ्लायवरून दोरी, दोरीवरून काठी, आणि सर्वांत शेवटी होडी. होडी लागतेच असेही नाही. हा क्रम का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे. नेहमीच्या गळाच्या मासेमारीत शिशाचे किंवा आमिषाचे वजन पुढे झेपावते आणि बारीक तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. फ्लायला वजन जवळपास नसतेच. गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेले ते एखाद्या किड्याचे किंवा चिमुकल्या माशाचे सोंग असते. ते लांब जायचे तर वजन दोरीतच हवे. म्हणून फ्लायची दोरी जाड आणि जड असते, काठी तिला मागे नेते, हवेत सरळ होऊ देते आणि पुढे सोडते. दोरीच्या टोकाला निमुळता, पारदर्शक लीडर आणि त्याच्या टोकाला फ्लाय. दोरी सरळ व्हायला जेवढी मोकळी जागा पुढे लागते तेवढीच पाठीमागे लागते. हे एक वाक्य पक्के लक्षात ठेवले की होडीपर्यंतचे बरेच निर्णय त्यातूनच सुटतात.

आता पाणी. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या नगर (अहिल्यानगर) जिल्ह्यात पाण्याच्या तऱ्हा फार आहेत. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघरला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो, आणि तिथून पूर्वेला नगर शहराकडे येईपर्यंत तो पाच-सहाशेवर उतरतो. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात अडते. १९२६ मध्ये पूर्ण झालेले हे धरण सुमारे ८२ मीटर उंच आहे आणि त्यामागचा आर्थर लेक खोल, थंड आणि डोंगरांनी वेढलेला आहे. खाली रंध्याचा धबधबा, मग निळवंड्याचे धरण, पुढे नदीपात्र, संगमनेर तालुक्यातला ओझरचा बंधारा, मग एकामागोमाग एक कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, आणि शेवटी प्रवरासंगमाला गोदावरी. हरिश्चंद्रगडाकडून निघालेली मुळा निराळ्या वाटेने येऊन बारागाव नांदूरला मुळा धरणाच्या ज्ञानेश्वर सागरात थांबते. शेवगाव आणि नेवासे तालुक्यांना नाथसागराचे पसरट, उथळ पाणी लागते. दक्षिणेला श्रीगोंद्याकडे घोड आहे, कर्जतकडे भीमा आणि उजनीचा फुगवटा आहे. भंडारदऱ्याला जे सामान शोभेल ते नाथसागरावर निरुपयोगी ठरेल इतका या पाण्यांत फरक आहे.

आणि ही सगळी पाणी शेतीसाठी अडवलेली आहेत, हे विसरून चालत नाही. इथल्या नद्या ऋतूइतक्याच आवर्तनाच्या, म्हणजे धरणातून शेतीसाठी ठरवून सोडलेल्या पाण्याच्या, हुकमाने वाहतात. आवर्तन सुटले की निळवंड्याखालचे पात्र काही तासांत भरते. सकाळी गुडघाभर पाण्यात दगडावर उभे राहून फेक करणाऱ्याला दुपारी परतीची वाट बंद झालेली दिसू शकते. म्हणून नदीत उतरण्याआधी आवर्तनाची तारीख पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात किंवा गावातल्या कोणत्याही बागायतदाराला विचारावी. त्याला ती तोंडपाठ असते. जलाशयाचे उलटे आहे. तिथे आवर्तनाने पाणी उतरते आणि काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरून वाळून भेगा पडलेल्या त्या गाळाखाली मांडीपर्यंत पाय रुतेल असा चिखल असतो. परदेशी पुस्तकांत छातीपर्यंतचे रबरी वेडर सुचवलेले असतात. आपल्याकडे एप्रिलच्या चाळीस अंशांत ते अंगावर घालवत नाहीत, आणि गाळात फसून त्यांत पाणी शिरले तर माणूस हलूही शकत नाही. कापडी बूट आणि लवकर वाळणारी विजार एवढे नदीला पुरते. जलाशयाच्या गाळात तर उतरूच नये, मुरमाड काठ शोधावा.

पाण्याची तिसरी ओळख कायद्याची आणि माणसांची आहे, आणि तिला मी सामानाच्याही आधी ठेवतो. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याशी जोडलेला आहे. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गळ टाकायचा नाही, सोडून देण्यासाठी मासा धरायचा असला तरी नाही. इतर धरणांतल्या मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो आणि बहुतेक ठिकाणी तो मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. या संस्था दरवर्षी बोटुकली विकत आणून पाण्यात सोडतात. तुम्ही हौसेने ओढलेला कटला हे कुणाचे तरी उभे पीक असते. संस्थेच्या माणसाला भेटून, काय धरणार, काय सोडणार हे सांगून, ते मागतील ती रक्कम भरून परवानगी घेतली की वाट मोकळी होते. शिवाय त्याच माणसाकडून मासा कुठे आहे हेही कळते. १८३९ मध्ये कर्नल साईक्सने दख्खनच्या महाशिराचे शास्त्रीय वर्णन छापले आणि त्याच सुमारास इथल्या आणखी कितीतरी माशांची नोंद केली. ते मासे नदीकाठच्या भोई आणि कोळी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. आजही कोणत्या खडकाखाली कोणता मासा बसतो हे त्या घरांत जितके माहीत आहे तितके कोणत्याही पुस्तकात नाही, यातही नाही.

माशांकडे येऊ. फ्लाय फिशिंगचे इंग्रजी पुस्तक उघडले की ट्राउट समोर येतो. तो आपल्याकडे नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहिले तेव्हाच महाशीर आणि इतर देशी माशांसाठी काठी कशी वापरावी हे विस्ताराने मांडले होते. आपल्या पाण्यांत फ्लायवर येण्यासारखे मासे पुष्कळ आहेत, फक्त प्रत्येकाची भूक वेगळी. उजनीच्या फुगवट्यात आणि बंधाऱ्यांत माजलेला चिलापी उथळ पाण्यात बुडत्या लहान फ्लायला तोंड लावतो. नवशिक्याने हात त्याच्यावरच बसवावा, तो मूळचा इथला नाही आणि चार धरून घरी नेले तर कुणाचे नुकसान नाही. पृष्ठभागावर चमकणारी चालटाची झुंड संध्याकाळी बारीक तरंगत्या फ्लायवर तुटून पडते आणि हलक्या काठीवर खरा आनंद देते. मरळ गवताच्या कडेला दबा धरून बसतो आणि बेडकासारखे काही डोक्यावरून गेले की पाणी फोडतो. शिवडा मोठा, दातांचा, रात्रीचा शिकारी. रोहू आणि कटला यांच्यामागे फ्लाय घेऊन लागू नये असे माझे मत आहे. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू शेवाळ आणि वनस्पती चरतो. ते मासे संस्थेचे, त्यांचे जाळे त्यांच्यासाठीच आहे.

राहिला महाशीर. सह्याद्रीतल्या नद्यांचा हा मासा धरणांनी, वाळूउपशाने आणि सुरुंगाच्या मासेमारीने खूप ठिकाणी हटला. लोणावळ्याला वळवण धरणाच्या काठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महाशिराचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांच्या कामामुळे तिथून लाखो पिल्ले देशभर गेली. हे काम मोठे आहे. पण त्यातून एक धडाही मिळाला. दख्खनचा महाशीर कावेरीत सोडला गेला आणि तिथला स्थानिक, कुबड असलेला महाशीर मागे हटत गेला. तो आज अतिसंकटग्रस्त प्रजातींत मोडतो. एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यात नेऊन सोडणे हे पुण्यकर्म नव्हे. आणि काही डोह देवाचे असतात. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीच्या डोहातल्या महाशिरांना लोक खाऊ घालतात, धरत नाहीत. असा डोह आपल्या भागात आढळला तर काठी पिशवीतून काढूसुद्धा नये.

मासा काय खातो त्यावर फ्लाय ठरते, आणि इथे परदेशी डबीपेक्षा आपला परिसर जास्त उपयोगी पडतो. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती वाळवीची पाखरे जमतात तशी ती नदीवरही पडतात. भाद्रपद-आश्विनात काठच्या गवतातून नाकतोडे वाऱ्याने पाण्यात येतात. उंबर आणि जांभूळ नदीवर झुकलेले असेल तर गळणाऱ्या फळांखाली महाशीर आणि त्याची भावकी घुटमळते. तपकिरी-लाल लोकरीचा गोळा गळावर बांधला तर तो उंबराचे काम करतो. उरलेल्या वेळी झिंगे, खेकडे आणि चिमुकले मासे.

बांधायचे साहित्यही घरचेच. भारतीय कोंबड्यांच्या मानेची पिसे कित्येक वर्षे इंग्लंड-अमेरिकेतल्या फ्लाय बांधणाऱ्यांकडे जात आली आहेत, आणि आपण तीच पिसे परदेशी पाकिटात परत विकत घेतो. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसे खाटकाकडे मागितली तर फुकट मिळतात. संगमनेरी शेळी ही तर आपल्याच जिल्ह्याच्या नावाची जात. तिचे आखूड, राठ, बहुतेक पांढरे केस लहान मासळीच्या फ्लायला पुरतात. पारनेर-संगमनेरकडच्या धनगरांच्या मेंढ्यांची काळी लोकर अंगभर गुंडाळायला उत्तम, ती पाणी पितेही चांगली. मोराचे गळून पडलेले पीस सापडले तर वापरावे, त्यासाठी मोराला हात लावू नये, तो गुन्हा आहे. गळ तेवढे चांगले विकत घ्यावेत आणि बांधण्याआधी पकडीने टोकाचा उलटा काटा दाबून टाकावा. उलटा काटा दाबलेला गळ माशाच्या तोंडातून सहज सुटतो आणि स्वतःच्या कानातूनही.

दोरीला नंबर असतात. १९६१ पासून चालत आलेल्या पद्धतीत दोरीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन मोजून तिला नंबर देतात. ५ नंबरच्या दोरीचे ते वजन साधारण ९ ग्रॅम, ८ नंबरच्या दोरीचे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. काठीवर लिहिलेला नंबर म्हणजे ती कोणत्या दोरीसाठी बनली ते. दोन्ही जुळलेच पाहिजेत. चालट आणि चिलापीला ५ नंबर पुरतो. मरळ आणि महाशिराला ८. शिवड्यामागे जायचे तर ९, आणि दातांपुढे टिकेल असा जाड तंगूस शेवटच्या हातभर भागात. एकच काठी परवडत असेल तर इंग्लंडमधला माणूस ५ सांगेल. मी या जिल्ह्यासाठी ७ सांगतो, आणि त्याचे कारण मासा नसून वारा आहे. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. मोकळ्या पठारावरच्या जलाशयावर दुपारनंतर जो वारा सुटतो त्यात हलकी दोरी पुढे जातच नाही. नऊ फुटी, ७ नंबरची काठी वाऱ्यात तग धरते, मरळाला गवतातून ओढते आणि चिलापीवर फार जड वाटत नाही.

दोरी घेताना आणखी एक गोष्ट दुकानदार क्वचित सांगतो. थंड पाण्यासाठी बनवलेल्या दोरीचे आवरण आपल्या उन्हाळ्यात मऊ पडते, चिकटते आणि काठीच्या कड्यांतून सरकत नाही. उष्ण प्रदेशासाठी वेगळ्या, ताठ गाभ्याच्या दोऱ्या मिळतात. पण त्या भंडारदऱ्याच्या थंडीत पहाटे वेटोळे सोडत नाहीत. वर्षाचा बहुतेक काळ मैदानी भागात काढणाऱ्याने उष्ण प्रदेशाची दोरी घ्यावी. सुरुवातीला तरंगती दोरीच असू द्या. ती दिसते, त्यामुळे चूक कळते, आणि मच्छीमारांच्या जाळ्यांवरून जाताना ती खाली जाऊन अडकत नाही. बुडती दोरी ज्याला जाळी कुठे लावली आहेत हे ठाऊक आहे त्यानेच वापरावी. पैसे कमी असतील तर रिळावर वाचवा, दोरीवर वाचवू नका. लहान माशांसाठी रीळ म्हणजे दोरी ठेवायची जागा, ते साधे चालते. फक्त महाशिरासाठी चांगला ब्रेक आणि मागे शंभर मीटर तरी पक्की जोडदोरी हवी. लीडरच्या टोकाच्या तंगुसाची जाडी X च्या अंकाने सांगतात आणि अंक वाढला की जाडी कमी होते. ४X म्हणजे साधारण ०.१८ मिलिमीटर, ०X म्हणजे ०.२८. चालटाला पहिला, मरळाला दुसऱ्याहूनही जाड.

आता होडी. काठावरून पाठीमागे झाडे, बांध किंवा उंच कडा असते, मागे दोरी सरळ व्हायला जागा मिळत नाही, म्हणून होडीचा मोह होतो. तो रास्त आहे. पण मासे बहुतेक वेळा काठापासून दहा-पंधरा मीटरवर, जिथे उथळ पाणी खोल होते तिथेच असतात. होडीत बसलेला माणूस आत जाऊन पुन्हा काठाकडेच फेक करतो. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या काठावर पाठीमागे अडथळा नसतो, तेव्हा तर होडीची गरजच उरत नाही. म्हणून पहिले वर्ष काठावरच काढावे. त्या वर्षात जलाशयाचा तळ पाणी उतरल्यावर डोळ्यांनी बघायला मिळतो. बुडालेल्या गावठाणाच्या भिंती, जुनी बांधबंदिस्ती, विहिरी, वाळलेल्या झाडांचे बुंधे, जुना ओढा कुठून जातो ते. पुढच्या हिवाळ्यात हेच सगळे पाण्याखाली असते आणि मासे तिथेच असतात. एप्रिल-मेमध्ये काढलेले असे फोटो आणि हाताने काढलेला नकाशा महागड्या यंत्राहून अधिक कामाचे ठरतात.

होडी घ्यायचीच तर काय पाहायचे? फ्लाय फेकणारा उभा राहतो किंवा निदान उंच बसतो, कारण खाली बसून फेकताना मागची दोरी पाण्याला लागते. म्हणून डुचमळणारी होडी बाद. ओढून घेतलेली दोरी पायाशी वेटोळ्यांत पडते, तिला अडकायला खिळा, कडी, खुंटी काही नको. म्हणून खडबडीत तळाची होडी तशीच वापरता येत नाही. उथळ पाण्यात तळावरच्या ठोक्याचा आवाज माशाला लगेच कळतो, म्हणून पत्रा आणि लोखंड नुसते ठेवायचे नाही. आणि वाऱ्याने होडी भलतीकडे जायला नको.

या कसोट्या लावून इथली वाहने पाहू. ट्रकच्या टायरची ट्यूब घेऊन जाळे लावणारे मच्छीमार कित्येक जलाशयांवर दिसतात. परदेशात याच तत्त्वाची, बसायला जागा असलेली फ्लोट ट्यूब फ्लायवाले आवडीने वापरतात. आपल्याकडे ती मी कुणालाही सुचवणार नाही. पाय पाण्यात लोंबत असतात आणि पाण्यात टांगती जाळी असतात. जाळ्यात पाय अडकणे म्हणजे काय हे कोणत्याही भोयाला विचारा. थर्माकोलचा तराफा स्वस्त पडतो, पण त्याचे दाणे तुटून पाण्यात जातात आणि कडा झिजली की तो एकाएकी दुभंगतो. गुळाची काहील पूर आल्यावर नदी ओलांडायला अनेक गावांच्या कामी आली आहे, तिचा मान वेगळा. ती गरगरते, तीत उभे राहता येत नाही, फेकीसाठी ती नाही. हवेची होडी गाडीच्या डिकीत मावते, तिचा तळ आवाज करत नाही, पण उतरलेल्या पाण्याच्या काठावर वेडी बाभूळ हटकून असते आणि तिचा काटा जाड कापडही सोडत नाही. घेतलीच तर दोन-तीन वेगळे हवेचे कप्पे असलेली घ्यावी आणि काठाला ओढू नये, उचलून न्यावी.

कयाक हा एकट्यासाठी चांगला पर्याय आहे, पण वर बसायचा, बारा फुटांच्या आसपास लांब आणि निदान तेहतीस-चौतीस इंच रुंद असा. अरुंद, वेगाचा कयाक नको. कयाकमध्ये बसूनच फेक करावी लागते, ती आधी काठावर जमिनीवर बसून शिकावी.

सगळ्यांत उत्तम होडी मात्र आपल्या मच्छीमारांकडे आधीच आहे. सपाट तळाची, तेरा-चौदा फुटी, लाकडाची, पत्र्याची किंवा फायबरची, वल्ह्याने चालणारी. ती उथळ पाण्यात जाते, उभे राहिले तरी कलत नाही, आणि ती चालवणारा माणूस त्या पाण्यावर लहानाचा मोठा झालेला असतो. तळाला जाड गोणपाट किंवा जुनी घोंगडी अंथरली की आवाजही बंद आणि दोरीचे अडकणेही बंद. कडेच्या कड्या-खुंट्यांवर ओले फडके टाकावे. संस्थेच्या परवानगीने अशी होडी नावाड्यासकट दिवसाच्या भाड्याने घेणे हा माझ्या मते या जिल्ह्यातला सर्वांत शहाणा सौदा आहे. पैसे स्थानिक घरात जातात आणि जाळ्याच्या बाटल्या कुठे तरंगताहेत हे नावाड्याला अंधारातही माहीत असते.

होडीत दोनच माणसे असावीत. फेकणारा नाळेवर, नावाडी मागे, आणि फेक अशा बाजूने की दोरी नावाड्याच्या डोक्यावरून जाणार नाही. दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवीच. लोखंडी नांगर जाळ्यांत गुंततो आणि जाळे फाटले तर नुकसान गरिबाचे होते. वाळूचे पोते दोरीला बांधून सोडावे, आणि तेही नाळेकडून, कधीही कडेकडून नाही. वाऱ्यात कडेला नांगर टाकलेली होडी पाणी घेते. वाऱ्याबरोबर सावकाश वाहत जाऊन फेकायचे असेल तर ताडपत्रीची एक छत्री मागे पाण्यात सोडावी, वेग निम्म्यावर येतो. हिवाळ्यात सकाळी पाणी आरशासारखे असते. ऊन चढले की वारा उठतो. नाथसागराचा विस्तार भरल्यावर साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास जातो. एवढ्या मोकळ्या पाण्यावर वारा लाटा उठवतो आणि सपाट तळाची होडी त्या लाटांसाठी नसते. वाऱ्याची पहिली झुळूक लागली की काठाकडे वळावे. इंजिन नको. मुळा धरणाचे पाणी नगर शहर पिते, त्यात तेलाचा तवंग सोडण्याचा हक्क हौशी माणसाला नाही. आणि एका जलाशयातून दुसऱ्यात होडी नेताना ती धुऊन, उन्हात खडखडीत वाळवूनच न्यावी. जलपर्णीचा एक तुकडा पुरतो, पुढचे काम ती स्वतः करते.

पोहता येते म्हणून जीवरक्षक जाकीट घालायचे नाही असे म्हणणारे खूप भेटतात. कपडे, बूट, गाळ, जाळी आणि थंडीतले पाणी यांत पोहण्याचा उपयोग फार थोडा वेळ होतो. फेकताना हात अडणार नाही असे आखूड जाकीट मिळते. ते होडीत ठेवायचे नाही, अंगात घालायचे.

मासा सोडायचा असेल तर त्याला जगू द्या. ओला हात, रबरी जाळी, पाण्याबाहेर श्वास रोखता येईल तेवढाच वेळ. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा दमवलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी तासाभराने मरू शकतो. त्या काळात पहाटेच गळ टाकावा किंवा टाकूच नये.

शेवटी एक कळकळीची विनंती. मृगाच्या पावसाने ओढे भरले की पोटात अंडी घेतलेले मासे चढणीला लागतात आणि अकोल्यापासून खालपर्यंत बंधाऱ्यांच्या तोंडाशी ते सहज हाती येतात. तेव्हा धरलेला एक मासा म्हणजे पुढच्या हंगामातले शेकडो. जून ते ऑगस्ट काठी भिंतीला टेकवून ठेवा, घरात बसून फ्लाय बांधा, दोऱ्या धुऊन ठेवा, आणि गावातला कुणी चढणीचे मासे धरायला निघाला तर त्यालाही समजावून सांगा.